परक्या घरचा कारभारी

मागील महिन्यात आमच्या भुईगावातील एक तरुण सायंकाळी ओटीवर येऊन बसला. त्याचे वडील माझे विद्यार्थी. मुंबईच्या एका व्यवस्थापन-सल्लागार कंपनीत त्यास जागा मिळत होती. "गुरुजी, पगार भरपूर आहे, पण वर्षाकाठी चार कंपन्या आणि चार शहरे. काय करू?" असे त्याने विचारले. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. शिकागोत जेम्स मॅकिन्सी ह्यांनी 1926 साली ह्या धंद्याची पेढी काढली, एवढेच माझ्या वाचनात होते. परंतु परक्या घरचा विस्कटलेला कारभार वेतन घेऊन मार्गी लावून देण्याचा पेशा त्याहून जुना आहे. म्हणून मी त्यास राजा सर टी. माधवराव ह्यांची हकीकत सांगितली.

माधवरावांचा जन्म 1828 साली कुंभकोणम् येथे, तंजावरकडील मराठी घराण्यात झाला. मद्रासच्या सरकारी हिशेबखात्यात कारकुनी, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी, आणि तिशीच्या उंबरठ्यावर त्याच संस्थानची दिवाणगिरी! ह्या पेशाचा पहिला लाभ हाच की, तो गुणी माणसास वयाची वाट पाहावयास लावीत नाही. त्रावणकोरचा खजिना तेव्हा रिता होता. माधवरावांनी मिरी व तंबाखू ह्यांची सरकारी मक्तेदारी उठविली, हिशेबास शिस्त लावली, आणि त्यांच्या अमदानीत संस्थान ऋणमुक्त झाले. 1872 साली ते तेथून निघाले. तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

पुढे इंदुरास तुकोजीराव होळकरांकडे सुमारे दोन वर्षे झाली. त्रावणकोरात चौदा वर्षे मिळाली होती. दोन वर्षांत घराच्या खोल्या कळतात, भिंतींतली ओल कळत नाही.

1875 साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि माधवराव बडोद्यास आले. नाशिककडील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविला होता. तेच सयाजीराव महाराज. राज्य चालवावयाचे आणि राजाही घडवावयाचा, असे ते दुहेरी काम. माधवरावांनी सरदारांच्या व सावकारांच्या तुंबलेल्या मागण्या निकालात काढल्या, खाती लावली आणि अल्पवयीन महाराजांस राजधर्मावर व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. 1881 च्या अखेरीस महाराजांस पूर्ण अधिकार मिळाले, आणि 1882 साली दिवाणांनी बडोदे सोडले. शिष्य शहाणा झाला की गुरूने उठावे, हे आम्हां मास्तरांस ठाऊक असते; तरी ते जड जातेच. पुढे 1906 साली राज्यभर सक्तीचे शिक्षण झाले, त्याचे श्रेय जग सयाजीरावांस देते, आणि ते योग्यच आहे. पण पायाचे दगड ज्याने बसविले, त्याचे नाव आज किती जणांस आठवते?

माधवरावांच्या आधी तेथेच दादाभाई नौरोजी दिवाण होते. त्यांची विद्वत्ता आणि सचोटी ह्यांविषयी वाद नाही. परंतु एकीकडे मल्हाररावांचा दरबार, दुसरीकडे विरोधी रेसिडेंट, ह्या कात्रीत सापडून त्यांना थोड्याच अवधीत राजीनामा द्यावा लागला. मालकास सुधारणा मनापासून नको असेल, तर उत्तम सल्लाही दप्तरात पडून राहतो. माधवरावांच्या पाठीशी मात्र इंग्रज सरकार होते. त्यांचे यश मोजताना हे विसरता येत नाही.

येथे मुलाने मला अडविले. दिवाणाच्या हाती हुकूम असे, त्याच्या हाती नुसता अहवाल असणार! आक्षेप रास्त होता. पण मग अहवाल कोणाच्या सोयीचा, हा प्रश्न अधिकच टोचतो. आमच्या गावापासून वसईचा किल्ला दूर नाही. तेथे 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला: सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख, आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीस विचारूनच करावयाचा. सल्ला देणाऱ्याचा धनी दुसराच होता. 1818 साली पेशवाई संपली. म्हणून मी त्यास सांगितले, "बाळ, कंपनीत पाय ठेवलास की आधी एवढे पाहा, तुला बोलावले कोणी, आणि तुझ्या कागदाने कोणाची नोकरी जाणार."

पगाराविषयी मी काहीच बोललो नाही. घरावर कर्ज आहे, हे मला माहीत होते.

जाताना त्याने विचारले, "गुरुजी, एवढी संस्थाने फिरून शेवटी दिवाणसाहेब राहिले कोठे?"

मी म्हणालो, "मद्रासेस. तेथेच 1891 साली वारले."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग चपला घालून केळीच्या वाडीतून घराकडे गेला. गेल्या सोमवारी तो कामावर रुजू झाला.