करंगळी, सायकल आणि एक जुनी भीती

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, दोनशे किलोमीटरची राइड पूर्ण केली, साडेतेरा तासांच्या आत!" मी शाबासकी दिली. मग हळूच म्हणाला, "पण दोन दिवस झाले, डावी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. शर्टाचं बटण लागत नाही. तुम्ही तर जन्मभर सायकल चालवलीत. तुम्हाला असं कधी झालं होतं का?"

झालं होतं. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

गोष्ट १९७९ सालची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाला एक वर्ष झालेलं. घर बीडला आणि शाळा गेवराई तालुक्यातल्या एका गावात. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. सायकल वडिलांची, काळी, चोवीस इंची. रस्त्याचा शेवटचा तुकडा १९७२ च्या दुष्काळी कामावर झालेला. खडी अंथरलेली, डांबर कधी पडलंच नाही. ज्या बायाबापड्यांनी ती खडी फोडली त्यांची हजेरी मीच मांडली होती, बी.ए. होऊन घरी बसलो होतो तेव्हा. त्याच खडीवरून पुढे माझी सायकल रोज खडखडत जायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ऑगस्टपर्यंत माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली. आधी मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग जाईनात. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. एकदा पोरं हसली. मी रागावलो, पण पोटात गोळा आला होता.

आजच्या मुलांना तो गोळा कळायचा नाही. आमच्या भागात तेव्हा हाताला बधिरपणा म्हणजे एकच गोष्ट. महारोग. रक्तपिती. बधिर चट्टा, मग वाकडी होणारी करंगळी, हा क्रम लहान पोरालाही पाठ असे. रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ सालीच शोधले होते, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ पासून उभं होतं, डॅप्सोनच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. पण घराघरातली भीती तशीच होती. कायदाही काही वेगळं सांगत नव्हता. असाध्य कुष्ठरोग हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. हे कलम निघायला २०१९ साल उजाडावं लागलं! मी बायकोला काही सांगितलं नाही. जेवताना ताटाशी हात सावरून बसायचो.

त्याच पावसाळ्यात कुष्ठरोग तपासणीचं पथक शाळेत आलं. पोरांचे सदरे काढून पाठी-पोटावरचे चट्टे बघत, पिसाने स्पर्श करून विचारत, "कुठं लागलं, बोट लाव." सातवीतल्या एका मुलाच्या दंडावर फिकट चट्टा निघाला. पिसाचा स्पर्श त्याला कळला नाही. पथकातल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, गोळ्या चालू करतोय. शाळा सोडू देऊ नका. याच्यापासून कुणाला काही होत नाही."

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला दाराजवळ वेगळं बसवलं. उजेड चांगला येतो, असं कारण दिलं. स्वतःचा हात मी खिशात ठेवला होता.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. मी चौकशीला गेलो नाही.

डिसेंबरात मात्र राहवेना. पथकातला तोच कर्मचारी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसायचा. गर्दी सरल्यावर गेलो. त्याने शर्ट काढायला लावला, चट्टा शोधला, सापडला नाही. कोपराच्या मागची नस चाचपली. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच. म्हणाला, "जाड नाही, दुखतही नाही." मग डोळे मिटायला सांगून पीस फिरवलं. तळहाताकडून करंगळी बधिर. पण हात पालथा केल्यावर करंगळीकडच्या मागच्या बाजूला मला सगळं कळत होतं. तो हसला. "गुरुजी, सायकल कुठाय तुमची?"

बाहेर येऊन त्याने सायकल न्याहाळली. हँडलची उजवी मूठ झिजून लोखंडी नळीची कडा वर आलेली. सीटचं टोक पुढे झुकलेलं, त्यामुळे सगळा भार हातांवर. टायर दगडासारखे टणक, पंक्चर नको म्हणून मीच भरायचो. वर वह्यांची पिशवी हँडलला. तो म्हणाला, "मला पहिल्याच वर्षी झालं होतं हे. दिवसाला चार गावं सायकलनं करतो मी."

त्या पालथ्या हाताचा अर्थ मला निवृत्तीनंतर पुस्तकं चाळताना कळला. ही एकच नस कोपरामागून मनगटाकडे येते. हाताच्या मागच्या बाजूला जाणारी तिची फांदी मनगटाच्या अलीकडेच वेगळी होते. कुष्ठरोग ही नस बहुधा कोपरापाशी धरतो, तेव्हा पुढची-मागची दोन्ही बाजू बधिर होते. सायकल तिला मनगटापाशी दाबते, म्हणून मागची बाजू शाबूत राहते. मनगटाला करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड हाताला लागतं, त्याच्या शेजारून ही नस एका चिंचोळ्या बोळातून जाते. पॅरिसच्या फेलिक्स ग्वियों या शल्यवैद्याने १८६१ साली त्या बोळाचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. तेव्हा आजची सायकल जन्मलीही नव्हती.

पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचं टायर काढलं आणि युरोप सायकलवेडा झाला. (त्याच साली आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले.) आणि १८९६ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या देस्तो या डॉक्टराने सायकलमुळे होणाऱ्या या लुळेपणावर लेख लिहिला. म्हणजे भाचेबुवा, तुमचं दुखणं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे!

त्या कर्मचाऱ्याने सांगितलेले उपाय आजही तेच आहेत, म्हणून लिहून ठेवतो. सीट सपाट करा, टोक खाली नको. हँडल थोडं वर घ्या. मनगट मागे मोडू नका, सरळ ठेवा, कोपर किंचित वाकलेलं. मूठ आवळू नका, पाखरू धरल्यासारखी धरा. दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. टायरात हवा बेताची. त्याने माझ्या मुठीवर जुन्या धोतराची पट्टी आणि वरून ट्यूब गुंडाळून दिली. तुम्ही गादीचे हातमोजे घाला. आणि बधिरपणा दोन-चार दिवसांत उतरला नाही, किंवा बोटांतली ताकद कमी वाटली, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. बटण लागत नाही म्हणतोस, तर उद्याच दाखव. माझ्यासारखे चार महिने घालवू नकोस.

माझी बोटं फेब्रुवारीत ताळ्यावर आली. खडू नीट धरता आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या पोराच्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दिवाळी झाली तसे सगळे ऊसतोडीला गेले. आमच्या बीड जिल्ह्यात हे दरवर्षीचंच. म्हणजे तो कोयता घेऊन आईबापाबरोबर गेला, की दाराजवळच्या जागेमुळे गेला? गोळ्या पुढे घेतल्या की नाही? उन्हाळ्यात ते कुटुंब परतलं, पण तो मामाकडे राहिला म्हणाले. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

१९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर, पाच हजार किलोमीटर. मी वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ बघत बसलो. कुष्ठरोग्यांमध्ये आयुष्य काढलेला माणूस आणि त्याच्याबरोबर सायकलवाली पोरं. दोन्ही गोष्टी माझ्याच हातातून गेल्या होत्या आणि मी एकच सावरली होती.

आता त्या रोगावर सहा महिने ते वर्षभराच्या औषधाने माणूस पूर्ण बरा होतो. तो मुलगा असेल तर आज साठीला टेकला असेल. बायकोला हे सगळं मी सांगितलं ते तिच्या शेवटच्या आजारपणात. ती म्हणाली, "तुमचा हात मला तेव्हाच कळला होता. मी वाट बघत होते, कधी सांगता."

असो. भाच्या, मूठ सैल ठेव.