घरांतील शाळा : पुण्याच्या गृहशिक्षणाची पूर्वपीठिका

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवावें, असा निश्चय करून त्याप्रमाणें वागणारीं कांहीं कुटुंबें अलीकडे पुणें शहरांत आढळतात. त्यांच्या घरीं सकाळीं घंटा होत नाहीं. मूल मातीचीं भांडीं करतें, कागद कातरतें, आईच्या मांडीशीं बसून गोष्टीचें पुस्तक वाचतें, आणि एखादे दिवशीं पर्वतीच्या पायऱ्या मोजीत वर चढतें किंवा केळकर संग्रहालयांतील जुने दिवे व अडकित्ते पाहून येतें. शेजाऱ्यांचीं याविषयीं दोन मतें असतात. कोणी म्हणतात, हें परदेशाहून आलेलें खूळ आहे. कोणी म्हणतात, शिक्षणाचा हा अगदीं नवा शोध आहे. दोन्ही मतांची चूक एकच आहे. घर ही शाळा करण्याचा प्रयत्न या शहरास मुळींच नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तो येथें वारंवार झाला, त्याची किंमत शिकविणाऱ्यांनीं व त्याहूनही अधिक शिकणाऱ्यांनीं मोजली, आणि त्याचीं फळें पुढें साऱ्या महाराष्ट्रानें चाखलीं. तो इतिहास आज पुन्हां डोळ्यांखालून घालणें निरुपयोगी ठरणार नाहीं.

आरंभ पेशवाईच्या अखेरच्या दिवसांपासून करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे नांवाचा एक तरुण मंगळूर प्रांतांतून विद्याध्ययनासाठीं पुण्यास येऊन रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं राहिला होता. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवीत असत. एका स्त्रीच्या मुखांतून संस्कृत वाणी निघते, हें त्या तरुणास अद्भुत वाटलें आणि आपणही आपल्या पत्नीस विद्या द्यावी, असें त्याच्या मनानें घेतलें. परंतु राजवाड्यांत जें चालतें तें सामान्य ब्राह्मणाच्या ओसरीवर चालत नसतें. पहिल्या पत्नीच्या वेळीं घरच्यांच्या विरोधापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. पुढें दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं शिकविलें, तेव्हां उडुपीच्या धर्मसभेपुढें उभें राहून, स्त्रीस संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं, असें त्यांना प्रतिपादन करावें लागलें; आणि शेवटीं सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यांत जाऊन बिऱ्हाड करावें लागलें. बायकोस घरीं शिकवावयाचें म्हणून या गृहस्थास घरच सोडून जावें लागलें! आज 'घर' आणि 'मोकळीक' हे शब्द आपण जोडीनें उच्चारतों. त्या काळीं घर हेंच विद्येच्या वाटेवरील पहिलें कुलूप होतें.

त्या अरण्यांत ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्या अवघ्या कांहीं महिन्यांच्या असतांनाच कुटुंबानें तें ठिकाण सोडलें, आणि त्यानंतरचीं बहुतेक वर्षें तीर्थयात्रेंत गेलीं. वडील वृद्ध झालेले, म्हणून शिकविण्याचें काम आईकडे आलें. दिवसभर संसाराचा व यात्रेकरूंचा राबता; यास्तव लक्ष्मीबाई मुलीस पहांटे जागें करीत व पाठ देत. हातांत पोथी नसे. आईचे ओठ हेंच पुस्तक. बारा वर्षांच्या वयांत भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीस मुखोद्गत झाले होते. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नव्हतें, तरी गांवोगांव फिरतां फिरतां ती कानडी, हिंदुस्थानी व पुढें बंगाली या भाषा बोलूं लागली. नद्या, घाट, देवळें, बाजार हें सारें तिनें पायांनीं चालून पाहिलें. घरच्या शिक्षणाचें याहून तेजस्वी उदाहरण दाखवितां येईल, असें मला वाटत नाहीं.

आणि तरीही याच उदाहरणांत एक विदारक धडा आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. पुराणकथनावर चालणारें हें कुटुंब अन्नास महाग झालें. प्रथम वडील, मग आई, नंतर मोठी बहीण, अशीं माणसें एकामागून एक गेलीं. पुढें आत्मनिवेदन लिहितांना पंडितांनीं यामागचें कारण स्पष्ट शब्दांत नमूद करून ठेविलें आहे: पवित्र ग्रंथांपलीकडचें कांहींच आपणांस शिकविलेलें नव्हतें, हातांनीं करावयाचें, पोट भरणारें कोणतेंही काम येत नव्हतें, आणि मजुरी करावी किंवा भीक मागावी तर अभिमान आड येत होता. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या मुलीस चार दाणे मिळविण्याची विद्या नव्हती. ज्या आईबापांनीं एवढ्या प्रेमानें शिकविलें त्यांच्या शिक्षणांतील ही उणीव मुलीनें पुढें कोणताही आडपडदा न ठेवतां मांडावी, यांत तिचा मोठेपणा आहे. हस्तव्यवसाय ही मुलांची करमणूक नसून शिक्षणाचें अर्धें अंग आहे, हा विचार तिला पुस्तकांतून सुचला नव्हता. तो तिनें उपाशीपोटीं मिळविला होता.

इकडे पुण्यांत याच सुमारास दुसरी एक घरगुती शाळा सुरू झाली होती. १८७३ च्या अखेरीस माधवराव रानडे यांचा द्वितीय विवाह झाला, तेव्हां ते पुण्यांत न्यायखात्यांत अधिकारावर होते व त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें. वधू अकरा वर्षांची, सातारकडील कुर्लेकर घराण्यांतील, आणि तिला अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनीं लग्न होतांच तिच्या हातीं पाटी दिली. पुढें ट्रेनिंग कॉलेजांतील सगुणाबाई देव यांना शिकविण्यास ठेविलें. कालांतरानें स्वतः इंग्रजी सुरू केलें. ही हकीकत स्वतः रमाबाई रानडे यांनीं १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत सांगितली आहे, व त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे.

हें पुस्तक पतिभक्तीचा ग्रंथ म्हणून फार वाचलें गेलें; परंतु शिक्षणाच्या अभ्यासकानें तें एका वेगळ्या दृष्टीनें वाचावें. त्यांत एका घराचे दोन मजले स्पष्ट दिसतात. वरच्या मजल्यावर यजमान, दिवा, पुस्तक आणि वाचन. खालीं स्वयंपाकघर, आणि तेथें सासरच्या वडील बायकांचे टोमणे. पुस्तक हातांत धरणारी सून त्यांना उद्धट वाटे. मिळालेला धडा पाठ करावा तर त्यांचा रोष, न करावा तर पतीची खिन्नता, अशा कात्रींत ती मुलगी वर्षानुवर्षें राहिली. त्या बायकांस दुष्ट ठरविणें सोपें आहे. पण त्यांच्या हातांतही कधीं काळीं कोणी पाटी दिली असती, तर त्यांचें वर्तन कसें झालें असतें, हाही विचार मनांत यावयास हवा. घरची शाळा एकासाठीं उघडते, तेव्हां त्याच छपराखालीं ती दुसऱ्यांस बंद असूं शकते.

घरच्या शिक्षकावर कोणाचाही अंकुश नसतो, हेंही या इतिहासांत दिसतें. रानड्यांचा स्वभाव शांत व सोशिक होता. गोपाळराव जोशी यांचा नव्हता. १८७४ मध्यें नऊ वर्षांच्या आनंदीशीं विवाह झाल्यावर त्यांनीं तिला शिकविण्याचा ध्यास घेतला. त्या ध्यासाच्या बळावर ती अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेली आणि मार्च १८८६ मध्यें वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री झाली. परंतु अभ्यासांत हयगय झाली कीं गोपाळराव तिला मारीत, हेंही तितकेंच खरें आहे. शाळेंतील पंतोजी रागीट असला तर मूल निदान संध्याकाळीं घरीं येतें. घरचाच गुरु रागीट असला तर त्यानें जावें कोठें?

या तिघींचीं सूत्रें पुढें एकमेकांत गुंतलीं. कलकत्त्यास १८७८ मध्यें 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळवून, तिकडेच विवाह होऊन व अल्पावधींत वैधव्य येऊन, पंडिता रमाबाई १८८२ मध्यें तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्यांच्या भोंवतीं जमलेल्या स्त्रियांत रमाबाई रानडेही होत्या. एक आईच्या तोंडून शिकलेली, दुसरी पतीच्या दिव्याशीं शिकलेली; या दोघींची गांठ पडली आणि दोघींनाही आपलें शिक्षण आतां घरांत मावत नाहीं हें कळलें. त्याच वर्षीं हंटर आयोगापुढें साक्ष देतांना पंडितांनीं स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. पुढें त्या इंग्लंडास गेल्या, आणि १८८६ मध्यें आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाच्या निमित्तानें फिलाडेल्फियास पोंचल्या.

तेथें त्यांच्या दृष्टीस फ्रोबेलची बालशिक्षणपद्धति पडली. या जर्मन शिक्षकानें १८३७ मध्यें लहान मुलांची शाळा काढून तिला पुढें 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें होतें. चेंडू, घन, लंबगोल अशीं खेळणीं. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम आणि बागकाम यांतून मुलाचा हात, डोळा व बुद्धि एकत्र चालावीत, हा तिचा गाभा. पंडितांनीं या पद्धतीचें रीतसर शिक्षण घेतलें व मराठी मुलींसाठीं क्रमिक पुस्तकांची तयारी तेथेंच आरंभिली. ज्या मुलीस लहानपणीं केवळ जिव्हा दिली गेली, हात दिले गेले नव्हते, तिला ही पद्धति किती जवळची वाटली असेल! ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि १८९० मध्यें तें पुण्यास आलें. १८९३ मध्यें धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यांत वादळ उठलें व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. केशवपन झालेल्या बालविधवांस अक्षराबरोबर हातचें कसबही द्यावें, ही दृष्टि मात्र वादानंतरही टिकली. रमाबाई रानडे यांनीं १९०९ पासून पुण्यांत वाढविलेल्या सेवासदनांतही प्रौढ स्त्रियांच्या वाचनलेखनाशेजारीं शिवणकाम व शुश्रूषा यांना स्थान मिळालें.

येथें एक गोष्ट मनांत भरल्यावांचून राहत नाहीं. या दोघींच्याही आधीं, १८४० मध्यें विवाह होऊन आलेल्या सावित्रीबाईंना जोतीराव फुले यांनीं घरींच शिकविलें होतें; आणि त्या घरच्या धड्यांतून १८४८ मध्यें बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा उभी राहिली. सावित्रीबाई, पंडिता आणि रमाबाई रानडे, तिघींचेंही पहिलें विद्यालय घरच होतें. आणि तिघींनींही मोठेपणीं परक्यांच्या मुलींसाठीं शाळेचीं दारें उघडलीं. घरीं मिळालेल्या विद्येस त्यांनीं ऋण मानलें, आणि तें घराबाहेर फेडलें.

विसाव्या शतकांत हा विचार घर व शाळा यांच्या मधल्या जागेंत, म्हणजे आंगणांत, येऊन बसला. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत भावनगरास बालशिक्षणाचा अभ्यास केला आणि १९४५ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडलें. पुणें जिल्ह्यांतील मोरगांवीं जन्मलेल्या अनुताई वाघ पुण्यांतील नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. महागडीं साधनें त्या पाड्यांवर कोण आणणार? तेव्हां बिया, शिंपले, पानें, खडे हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या आंगणांत गेली. 'आंगणवाडी' हें जें नांव आज देशभर चालतें, त्याचें मूळ या खटपटींत आहे.

आतां आरंभींच्या कुटुंबांकडे पुन्हां वळतों. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. घरींच शिकविण्याविषयीं त्यांत स्पष्ट शब्द नाहीं. कायदा काय म्हणतो हें वकिलांनीं पाहावें. इतिहासास विचारलें तर तो आईबापांस याहून कठीण प्रश्न करील. शिकविणाऱ्याचा वेळ कोणाच्या आयुष्यांतून काढलेला आहे, आणि तो तिनें आपखुषीनें दिला आहे काय? घरचा गुरु चुकला, तर मुलानें दाद कोणाकडे मागावी? मुलाचे हात खरोखर कांहीं करावयास शिकतात, कीं कातरलेल्या कागदांचें पाहुण्यांपुढें प्रदर्शन मांडलें जातें? आणि सर्वांत शेवटीं, मोलकरणीचें मूल त्याच घरांत कोपऱ्यांत बसलेलें असतां मातीचा एक गोळा त्याच्याही हातीं दिला जातो काय?

शाळांतील कोंडमारा खरा आहे, आणि त्यास कंटाळून मुलास घरीं ठेवणाऱ्या आईबापांस हंसण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु पुण्यांतील ज्या घरांनीं पूर्वीं शाळेचें काम केलें, त्यांची थोरवी त्यांच्या चार भिंतींत नव्हती. पहांटे उठून मुलीस श्लोक सांगणाऱ्या लक्ष्मीबाईंस आपली मुलगी पुढें किती दारें उघडणार आहे, हें दिसणें शक्य नव्हतें. तरीही त्यांनीं संसाराच्या धबडग्यांतून ती एक घटका रोज वेगळी काढली. घरास शाळा करूं पाहणाऱ्यानें प्रथम तेवढें तरी करून दाखवावें.