नागपूरची आगगाडी आणि टिळकांचं भय

आज आपण १८९३ सालच्या एका आगगाडीत बसूया. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेत. एका सहप्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. पुढे त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पण भीती होतीच: जात जाईल, घर तुटेल. ही भीती खोटी नव्हती, हे आपण विसरतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर खरंच तुटलं. लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षांनी त्या परतल्या, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयानं ख्रिस्ती झाल्या. म्हणजे बघा, श्रद्धेनं संकट टळलं नाही. संकट समोर दिसत असताना पाऊल टाकायचं बळ मात्र दिलं.