बापानं मुलासाठी लिहिलेली पारख

अडीअडचणीला दागिना मोडायला नेला, की आपला सारा भरवसा समोरच्याच्या नजरेवर असतो. ही नजर शिकवायची कशी? सातशे वर्षांपूर्वी दिल्लीत ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्यानं ते करून दाखवलं. अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यातली रत्नं त्यानं पाहिली होती. १३१५ मध्ये त्यानं मुलासाठी ‘रत्नपरीक्षा’ लिहिली. पुढं टांकसाळीतल्या अनुभवावर १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली, ती भावासाठी आणि मुलासाठी. कोणत्या नाण्यात चांदी किती, वजन किती, मोल किती, सारं त्यात आहे. तेही संस्कृतात नव्हे, प्राकृतात. आपल्याकडे नाणी पारखणाऱ्या पोतदारांचं काम गेलं, आडनाव उरलं. फेरूची विद्या मात्र उरली. घरच्यांसाठी का होईना, त्यानं ती लिहून ठेवली होती.