सत्तर किलोंचा झटका

बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधून जानेवारी १९६६ मध्ये एक वेगळीच रुग्णवाहिका रस्त्यावर आली. आत डॉक्टर, परिचारिका आणि मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारे ७० किलोंचे धूड: हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर. तोवर रुग्णवाहिकेचे काम एकच, रुग्णाला उचलून दवाखान्यात आणायचे. इथे दवाखानाच रुग्णाच्या दारी निघाला होता.

ही कल्पना डॉ. फ्रँक पँट्रिज यांची. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडले तेव्हा ते जपान्यांच्या हाती सापडले, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या छावण्यांत खितपत पडले आणि बेरीबेरीतून कसेबसे वाचले. पुढे हृदयरोग हाच त्यांचा विषय झाला.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. पण पहिल्या तासात माणूस तडकाफडकी जातो तो बहुधा त्यातून उठणाऱ्या विद्युत गोंधळामुळे. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, रक्त पुढे सरकत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. ही थरथर विजेने मोडता येते, हे क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर, एका मुलाच्या उघड्या हृदयावर दाखवले होते. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता तेच साधले. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत जाहीर केली. मोठ्या रुग्णालयांत हृदयरुग्णांचे खास कक्षही उघडले.

पण मरणारे तिथवर पोचतच नव्हते. ते घरात, कामावर, रस्त्यात कोसळत होते.

पँट्रिज आणि त्यांचे सहकारी जॉन गेडिस यांनी ऑगस्ट १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला हिशेब मांडला. १५ महिन्यांत ३१२ रुग्ण, आणि वाटेत एकही मृत्यू नाही. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या १० जणांना परत आणले, त्यांतले ५ बरे होऊन घरी गेले. अमेरिकेने ही कल्पना लगेच उचलली; १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तशी गाडी धावू लागली. त्याच सुमारास पँट्रिज यांचे यंत्रही ‘नासा’साठी बनवलेल्या छोट्या कपॅसिटरमुळे सुमारे ३ किलोंवर आले. ब्रिटनमध्ये मात्र आपत्कालीन सेवेच्या सगळ्या रुग्णवाहिकांत ते बसायला १९९० उजाडले.

यंत्र मरण परतवते. मुळातला आजार तसाच राहतो. तो कुठून येतो, याचा माग अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांवर ठेवला गेला. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे तिथे ठळकपणे पुढे आले. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत हृदयविकाराची मोजणी केली, तेव्हा बेलफास्ट वरच्या क्रमांकांत होते. उत्तर आयर्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांतली सिगारेट २००७ मध्ये कायद्याने बंद झाली.

सगळ्याच मृत्यूंचा दोष मात्र सिगारेटवर टाकता येत नाही. तिथल्याच टायरोन परगण्याच्या गेलिक फुटबॉल संघाचा कर्णधार कॉर्मॅक मॅकअनालन मार्च २००४ मध्ये झोपेतच गेला. वय अवघे २४. आदल्याच वर्षी त्याच्या संघाने ऑल-आयर्लंड करंडक जिंकला होता. तरुणांच्या अशा मृत्यूंमागे बऱ्याचदा हृदयाच्या स्नायूचा किंवा विद्युत यंत्रणेचा जन्मजात, आनुवंशिक दोष असतो. त्याच्या कुटुंबाने स्थापन केलेल्या ‘कॉर्मॅक ट्रस्ट’ने खेळाच्या क्लबांत डिफिब्रिलेटर पोचवले आणि तरुणांच्या हृदयतपासणीचा आग्रह धरला. व्यायाम करताना भोवळ येऊन पडणे किंवा घरातल्या कुणाचा तरुण वयात अकस्मात मृत्यू, या दोन गोष्टी डॉक्टर अशा वेळी आवर्जून विचारतात. मग ईसीजी आणि इकोची तपासणी होते, आणि धोका मोठा असेल तर ठोके बिघडताच आपोआप झटका देणारे छोटे यंत्र त्वचेखाली बसवले जाते.