जुन्या टर्बो डिझेल मोटारींचे घरगुती दोषनिवारण

जुन्या टर्बो डिझेल मोटारींचे घरगुती दोषनिवारण म्हणजे टर्बोचार्जर बसवलेल्या, हमीकाळ संपलेल्या डिझेल मोटारीतील बिघाड मालकाने साध्या साधनांनी ओळखणे व शक्य तेवढा दुरुस्त करणे. ठाणे (एमएच ०४) व कल्याण (एमएच ०५) येथे नोंदलेल्या अशा अनेक मोटारी आता १५ वर्षांच्या नोंदणीकाळाच्या आसपास आल्या आहेत. फेरनोंदणीसाठी वाहन तपासणीत उतरावे लागते. त्यामुळे हे ज्ञान केवळ हौसेचे राहिलेले नाही.

पार्श्वभूमी

निष्कास वायूंच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा दाबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे एकस्व १९०५ मधले आहे. महाराष्ट्रात पुण्याची टाटा सफारी (१९९८) व नाशिकची महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) यांनी टर्बो डिझेल सामान्य ग्राहकांपर्यंत नेले. फियाटचे १२४८ घनसेंमी मल्टिजेट इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही बनत असे. मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांत हेच इंजिन होते. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि या इंजिनाची भारतातील कारकीर्द संपली.

धुराची भाषा

दोषशोधनाचा आरंभ निष्कास नळीपासून करावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर थंड इंजिन सुरू होताना क्षणभर दिसला तर काळजी नाही. तो टिकून राहिला व रेडिएटरचे पाणीही घटत असले, तर सिलिंडर हेडच्या गास्केटची शंका घ्यावी.

शक्तिक्षय

‘गाडी ओढत नाही’ ही सर्वांत सामान्य तक्रार. वर्तकनगरातील सपाट रस्त्यांवर हा दोष झाकला जातो आणि घोडबंदर मार्गावरील गायमुखच्या चढावर उघडा पडतो. अशा वेळी गॅरेजात टर्बो बदलण्याचा सल्ला पुष्कळदा घाईने दिला जातो. प्रत्यक्षात कारण अनेकदा क्षुल्लक असते : इंटरकूलरच्या रबरी होज पाइपला गेलेली चीर किंवा सैल झालेली क्लिप. चीर पडलेल्या जागी तेलकट काळा डाग दिसतो व वेग घेताना फुसफुस ऐकू येते. त्यानंतर एअर फिल्टर, निर्वात नळ्या व काजळीने अडकलेली ईजीआर झडप पाहावी. इंधनाचा फिल्टर तुंबल्यासही हीच लक्षणे दिसतात. पावसाळ्यात त्याच्या तळाचे पाणी काढून टाकावे.

टर्बोची तपासणी शेवटी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हवेच्या बाजूची नळी काढून दांडा बोटांनी हलवावा. आडवी किंचित हालचाल स्वाभाविक असते. मागेपुढे जाणवणारी हालचाल किंवा पाती घरास घासल्याच्या खुणा मात्र झीज दर्शवतात. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून तेल वेळेवर बदलणे आणि घाट चढून आल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर संथ चालू ठेवणे, हे टर्बोचे खरे संगोपन होय.

काही गाड्यांचा १६ पिनांचा निदानसॉकेट साध्या स्कॅनरला दोषसंकेत देतो. पी०२९९ म्हणजे हवेचा दाब अपुरा, एवढेच. कारण शोधणे माणसावरच राहते.

धोके

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका नोझलचे नट सैल करीत. कॉमन रेल इंजिनावर ही रीत कदापि वापरू नये. मल्टिजेटमध्ये इंधनाचा दाब १६०० बारपर्यंत जातो. अशी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

टर्बोतून गळणारे तेल स्वतःच इंधन बनल्यास इंजिन किल्ली काढूनही थांबत नाही व वेग वाढवत जाते. गिअरबॉक्स हाताची असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन बंद पडते. हवेच्या तोंडावर हात धरू नये.

२६ जुलै २००५ च्या महापुरात ठाणे-कल्याण परिसरातील अनेक वाहने बुडाली होती. पाण्यात बंद पडलेले डिझेल इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये : पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

ट्यूनिंग

इंधनाचा स्क्रू फिरवून किंवा संगणकाची आज्ञावली बदलून शक्ती वाढवता येते. तथापि थकलेल्या इंजिनावर हा प्रयोग म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदलांना मनाई करते. शिवाय पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते : भारत स्टेज ४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ व स्टेज ४ च्या गाड्यांना ५० हार्ट्रिज एकके ही मर्यादा आहे. मूळ स्थितीत आणलेली, स्वच्छ फिल्टरची व न गळणाऱ्या नळ्यांची गाडी या मर्यादेत सहसा राहते.