जुनी इंग्लिश सायकल सापडली? मग रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा!

घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसासमोर ‘रॅले’ किंवा ‘हर्क्युलस’ हे नाव काढून बघा. पुढची दहा मिनिटं तुम्हाला फक्त ऐकायचं काम! रॅले ही नॉटिंगहॅमची, हर्क्युलस बर्मिंगहॅमची. आपल्याकडे यातल्या बहुतेक बिनगियरच्याच दिसायच्या. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र अशाच दिसणाऱ्या लाखो सायकलींच्या मागच्या चाकात तीन गियर दडलेले असायचे.

सध्या या सायकलींना पुन्हा भाव आलाय. सोशल मीडियावर ‘आधी आणि नंतर’चे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. गंजलेली सायकल येते, तिचा रंग पार खरवडला जातो, वर चकचकीत काळा रंग चढतो आणि लाइक्सचा पाऊस पडतो. जाणकार मंडळी मात्र असे व्हिडिओ बघून कपाळाला हात लावतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. या सायकलीतलं यंत्र जवळपास नेहमीच पुन्हा चालू करता येतं, पण एकदा खरवडलेला मूळ रंग काही केल्या परत येत नाही.

तीन गियर लपलेत कुठे?

आजच्या गियरच्या सायकलीत चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकते. या जुन्या सायकलीत चेन जागची हलत नाही. सगळा खेळ मागच्या चाकाच्या हबमध्ये चालतो. हे हब बनवणारी कंपनी म्हणजे स्टर्मी-आर्चर. हेन्री स्टर्मी हे सायकल आणि मोटारींवर लिहिणारे पत्रकार, तर जेम्स आर्चर हे अभियंता. रॅलेचे मालक फ्रँक बोडेन यांनी १९०२ च्या सुमारास या कल्पनेत पैसा घातला.

यातली गंमत अशी की, ज्या रचनेवर ही कंपनी उभी राहिली, ती मुळात विल्यम रायली नावाच्या तिसऱ्याच माणसाची होती. रायली आधीच्या एका कंपनीशी करारानं बांधलेले होते. त्यामुळे पेटंट आर्चर यांच्या नावावर घेतलं गेलं आणि हबवर रायली यांचं नाव कधी कोरलंच गेलं नाही.

या कंपनीचा सगळ्यात गाजलेला हब म्हणजे १९३६ साली आलेला ‘एडब्ल्यू’. त्याच्या आत मधोमध २० दात्यांचं एक चक्र एक्सलला पक्कं बसवलेलं असतं. त्याच्याभोवती छोटी चक्रं फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. या सगळ्यांना वेढून ६० दात्यांचं एक कडं असतं. पॅडलचा जोर ग्रहांच्या पिंजऱ्याला दिला आणि चाक कड्याला जोडलं, तर चाक एक-तृतीयांश जास्त वेगानं फिरतं. हा तिसरा गियर. उलट केलं, म्हणजे जोर कड्याला आणि चाक पिंजऱ्याला, तर वेग पाऊण होतो आणि चढ सोपा वाटतो. हा पहिला. दुसऱ्या गियरमध्ये जोर सरळ चाकाला मिळतो. बस्स, एवढंच! हे सगळं तेलात, धुळीपावसापासून लांब चालतं. म्हणूनच पन्नास-साठ वर्षं अडगळीत पडलेला हबसुद्धा बऱ्याचदा पुन्हा फिरायला लागतो.

सायकल हातात आली, आता काय?

आधी हबवरचे आकडे वाचा. ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ ६४ आणि ५ असं कोरलेलं असेल, तर तो हब मे १९६४ मध्ये तयार झालेला आहे. पण मधल्या काळात कुणी चाकच बदललेलं असू शकतं. त्यामुळे एवढ्यावर सायकलीचं वय ठरवू नका.

मग हबवरचं छोटं झाकण उघडून त्यात पातळ मशीन ऑइल सोडा. खोबरेल किंवा खाण्याचं दुसरं कुठलंही तेल नको, ते आत चिकट होऊन बसतं. घट्ट ग्रीसही नको, कारण आतले बारीक खटके त्यात अडकतात. तेल टाकून एक-दोन दिवस थांबा आणि चाक अधूनमधून फिरवत राहा. ‘बिघडलेला’ म्हणून विकला गेलेला हब अनेकदा एवढ्यानंच जागा होतो.

यानंतर गियरची केबल. उजवीकडच्या नटमध्ये एक छोटी खिडकी असते. गियर दुसऱ्यावर ठेवून तिच्यातून बघा. आतली बारीक दांडी एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवी. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण टाळण्यासारखं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक अशी जागा आहे जिथे कुठलाच गियर लागत नाही. केबल सैल असेल आणि तुम्ही उभं राहून पॅडल मारत असाल, तर पाय एकदम पोकळीत जातो आणि माणूस थेट दांडीवर आपटतो. विंटेज सायकलीचा हा अनुभव कुणी घेऊ नये.

एक सोपी खूण कानाची. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये पॅडल मारताना हब बारीक टिक-टिक करतो, पहिल्यात गप्प असतो. हा आवाज बिघाडाचा नाही. ऐकायला छानच वाटतो.

सायकल चढावर जड वाटत असेल तर मागचं १८ दात्यांचं चक्र काढून २२ दात्यांचं बसवा. साठच्या दशकातल्या हबवर हे चक्र फक्त एका स्प्रिंगच्या कडीनं धरलेलं असतं. जुनं चक्र मात्र जपून ठेवा.

आता खरी धोक्याची जागा, म्हणजे क्रँक. तो कॉटर पिननं बसवलेला असतो. पिन निघत नाही म्हणून लोक हातोडा घालतात आणि तो दणका थेट बेअरिंगला बसतो. शक्यतो पिन दाबून काढायचं अवजार वापरा. ते नसेल तर निदान क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम टेकू द्या. नवी पिन घेतानाही जुनी सोबत न्या. रॅलेची पिन बहुतेक साडेनऊ मिलीमीटरची असते, तर दुकानात नऊची सहज हातात पडते.

रॅलेनं आणखी एक खोडी करून ठेवलीय. क्रँकच्या बेअरिंगचे कप जिथे बसतात, तिथे इतर इंग्लिश सायकलींना एका इंचात २४ आटे असतात, रॅलेला २६. बाजारातला कप जोर लावून बसवलात, तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. त्यामुळे जुने कप फेकू नका. साफ करा, प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे नव्या ग्रीसमध्ये बसवा आणि विषय संपवा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘जुनं ते सोनं’ म्हणत बसू नका. रबर नवं घ्या. आणि क्रोमची लोखंडी रीम पावसात ओली झाली, की नव्या रबरानंही सायकल लवकर थांबत नाही, हे ध्यानात ठेवून चालवा.

पुढच्या चाकात डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी वीज बनवणारा हब असेल, तर तो कुतूहलापोटी उघडू नका. आतलं चुंबक भोवतालच्या लोखंडापासून सुटं झालं की त्याची ताकद कमी होते.

मग रंगाचं काय करायचं?

मऊ कापड, साधं साबणाचं पाणी आणि वरून मेणाचा हात. काळ्या थराखालून सोनेरी रेषा दिसू लागतात. त्या काळी अशा रेषा हातानं ओढल्या जायच्या. रॅलेवर बगळ्याचं डोकं असलेला बिल्लाही उजळतो. क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, ओली करून हलक्या हातानं घासा. सीट कातडी असेल तर तिला तेलात भिजवू नका. कातडं मऊ पडून सीट मधोमध झोळीसारखी लोंबते.

आधीच कुणी ब्रशनं रंग फासलेला असेल किंवा फ्रेम गंजानं खाल्ली असेल, तर नवा रंग द्यायला हरकत नाही. त्यात पाप नाही!

हा मुद्दा सगळ्यात जास्त लागू होतो तो सामान वाहणाऱ्या सायकलींना. इंग्लंडमध्ये खाटीक, बेकरीवाले, वाणी यांची पोरं ज्या सायकलीवरून घरोघर माल पोचवायची, तिचं पुढचं चाक मुद्दाम लहान असायचं. टोपलीची चौकट हँडलला नाही, तर थेट फ्रेमला जोडलेली असायची. त्यामुळे ओझं खाली राहायचं आणि हँडल वळवलं तरी टोपली सरळच. १९२६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेली पॅशली कंपनी अशाच सायकलींसाठी ओळखली जाते. ती आज स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनमध्ये सायकली बनवते. होविस पावाची १९७३ ची जाहिरात आठवते का? दगडी चढावरून एक मुलगा पावाची सायकल ढकलत नेतो. ती रिडली स्कॉटनं केली होती. हो, ‘ग्लॅडिएटर’वालाच!

या सायकलींच्या फ्रेममध्ये एक पत्रा असायचा आणि त्यावर दुकानाचं नाव-गाव हातानं रंगवलेलं. ती दुकानं बरीचशी बंद झालीत. एखाद्या वाण्याची उरलेली एकमेव खूण त्या पत्र्यावर असू शकते, आणि पॉलिश पेपरचे चार हात मारले की तीही जाते.

आता ‘मेड इन इंग्लंड’चा प्रश्न. भारतात सापडलेली प्रत्येक रॅले नॉटिंगहॅमची नसते. १९५० च्या दशकात पश्चिम बंगालमधल्या आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला होता आणि चेन्नईच्या टीआय सायकल्समधून हर्क्युलस बाहेर पडत होत्या. त्यामुळे ‘इंग्लंडची ओरिजिनल’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर आधी बिल्ला नीट वाचा. नॉटिंगहॅममधली जुळणी २००२ मध्ये थांबली. कारखान्याच्या जागेवर आता तिथल्या विद्यापीठाचा परिसर आहे. स्टर्मी-आर्चर तर २००० मध्येच तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली आणि तीन गियरचे हब तिथे अजूनही बनतात.

टायरची चिंता मात्र आपल्याला कमी आहे. मोठ्या इंग्लिश रोडस्टरचा २८ बाय दीड इंच हा माप आपल्या साध्या काळ्या सायकलीचाही आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या सायकल दुकानात विचारून बघा. रॅले स्पोर्ट्ससारख्या हलक्या सायकलीला मात्र २६ बाय एक तीन-अष्टमांश इंच लागतो. हा आकडा टायरवरून जसाच्या तसा लिहून न्या. नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणालात तर माउंटन बाइकचा टायर हातात पडेल, आणि तो या रीमवर बसत नाही.